हाकेला ओ

६ जानेवारी २०२५, सोमवार

माझी बायको शैलजा म्हणते, निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसानं नवं काही सुरू करू नये, आणि केलंच तर लिहून ठेवावं, म्हणजे पुढे खापर कुणावर फोडायचं ते शोधावं लागत नाही. म्हणून आजपासून लिहितो आहे.

झालं असं, की फिनलंडमधल्या एका विद्यापीठाचा वर्ग आणि आमच्या मेहकरच्या कॉलेजातला माझा बी.ए. तिसऱ्या वर्षाचा समाजशास्त्राचा वर्ग, असे दोन्ही मिळून यंदा एक अभ्यास करणार आहेत. कुणी कुठे जायचं नाही. दर गुरुवारी दुपारी पडद्यावर भेटायचं, इकडचा एक आणि तिकडचा एक अशा जोड्या लावायच्या, आणि जोडीनं काम करायचं. तिकडच्या पाइवी नावाच्या बाईंशी एका ऑनलाइन परिषदेत ओळख झाली, त्यातून हे निघालं. प्राचार्यांना मूल्यांकन समितीपुढे 'आंतरराष्ट्रीय' असं काहीतरी ठेवायचंच होतं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत झाली.

विषय पाइवीबाईंनी सुचवला: 'घराचा आवाज'. प्रत्येकानं घरातला एक आवाज मोबाइलवर टिपायचा, जोडीदाराला पाठवायचा. त्यानं ऐकून प्रश्न विचारायचे. शेवटी दोघांच्या आवाजांचा मिळून एक तुकडा करायचा. मला हे जरा पोरकट वाटलं, पण पोरं खूश आहेत.

वर्गात मी बजावलं, "आपलं घर जगापुढे जाणार आहे. चांगलं तेच टिपा. भांडणं, टीव्ही, शिव्या नकोत."

मागून कुलदीप म्हणाला, "मंग सर, आमच्या घरचं टिपू काय?" वर्ग हसला. मीही हसलो.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली भेट झाली. नेट चाललं, स्पीकर चालला, वीजही गेली नाही, म्हणजे देवाची कृपाच.

पण ते लोक बोलतच नाहीत! प्रश्न विचारला की गप्प बसतात, खाली पाहतात, आणि आपण घाबरून दुसरा प्रश्न विचारावा तेवढ्यात पहिल्याचं उत्तर देतात. पाइवीबाईही तशाच. मला शांतता सोसत नाही. घरात कुणी गप्प बसलं की मी रेडिओ लावतो. त्यामुळे आज दोन्हीकडचं बोलणं बहुतेक मीच केलं.

जोड्या लावल्या. जानेफळच्या सुचिताला आइनो नावाची मुलगी मिळाली. चष्मा, पांढरट भुवया, फार हळू बोलते. सुचिताही मुखदुर्बळ. मागच्या वर्षी परीक्षेला बसली नव्हती, म्हणून यंदा या वर्गात आली. कारण मी विचारलं नाही, मुलींची कारणं ठरलेली असतात. या दोघी मुक्यांचं कसं जमायचं, असं मनात आलं. जोडी बदलावी का?

१८ जानेवारी, शनिवार

आवाज आले. दिवसभर कानाला इअरफोन लावून बसलो होतो.

कुलदीपनं हिवरा आश्रमच्या उत्सवातल्या महाप्रसादाच्या तयारीचा आवाज टिपला: पत्र्याच्या मांडवाखाली कढया ओढतात तो. घराचा आवाज नाही म्हटलं, तर म्हणतो, "सर, दरसाली आमचं सारं घर तिथंच वाढाले राह्यते." बरं, चालेल. उंद्रीच्या वंदनानं आजोबांचं हरिपाठ म्हणणं पाठवलं. उत्तम.

आइनोचा आवाज ऐकून मी दचकलो. गोठलेल्या तळ्याचा बर्फ थंडीनं तडकतो तेव्हा लांबवर काहीतरी तार तुटल्यासारखं वाजतं. त्यांचं घर तळ्याकाठी आहे. बाकी सगळं सामसूम. याला घराचा आवाज म्हणायचं म्हणजे कमालच.

सुचिताचा आवाज साधा. संध्याकाळची वेळ, तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज, आणि मग तिची आई दाराशी येऊन हाक मारते, "गोपाऽल! जेवाले ये रे!" थोडं थांबून पुन्हा, "गोपाऽल!" मग काही नाही. लांब एक ट्रॅक्टर, आणि बंद. गोपाल म्हणजे धाकटा भाऊ असणार. आईचा आवाज छान मोकळा आहे. मुलीला हाक नाही, मुलाला मात्र दोनदा, हे आपल्या समाजाचं वैशिष्ट्य म्हणून वर्गात दाखवता येईल. अर्थात मुलगी आवाज टिपत चुलीपाशीच बसली असेल, तिला कोण कशाला हाक मारेल.

एकच उणीव. पोरगा ओ देत नाही. आई हाक मारते आणि पोरगा उत्तर देत नाही, हे परदेशी लोकांना कसं दिसेल?

२३ जानेवारी, गुरुवार

आज नेमकं तेच झालं. सुचिताचा आवाज वाजवला. आइनो बराच वेळ गप्प राहिली आणि मग इंग्रजीत म्हणाली, "कुणी उत्तर देत नाही. का?"

सुचितानं मान खाली घातली. भरसभेत अशी शांतता पसरली, की मी चटकन माइक घेतला. म्हटलं, "आजकालची मुलं! मोबाइलवर असेल. येईल." आमची पोरं हसली. आइनो हसली नाही. ती सुचिताकडेच पाहत होती, जणू उत्तर अजून यायचं आहे.

भेट संपल्यावर सुचिताला थांबवून घेतलं. म्हटलं, "आवाज चांगला आहे, पण अर्धवट वाटतो. आईच्या हाकेला ओ द्यावी ही आपली रीत. एकदा गोपालला समोर बसव, ओ द्यायला लाव आणि नव्यानं टिपून आण. तुझं काम सगळ्यांत पुढे जाईल."

ती म्हणाली, "सर, जसं हाये तसं नाही चालत?"

"चालतं, पण चांगलं नाही दिसत."

"बरं सर," म्हणाली आणि गेली.

२४ जानेवारी, शुक्रवार

शैलजाला तो आवाज ऐकवला. ती निवडत असलेल्या मेथीची जुडी हातात तशीच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा लावा." दुसऱ्यांदा ऐकून म्हणाली, "ही बाई उत्तराची वाट पाहत नाहीये हो."

"म्हणजे?"

"दोनदा हाक मारून येत नाही म्हटल्यावर आई काय करते? चिडते. शिव्या घालते. विहंगला मी कशी हाका मारायचे आठवा. ही चिडतच नाही."

विहंग आमचा मुलगा. तो नोकरीला गेल्यापासून शैलजाला सगळीकडे काहीतरी ऐकू येतं. मी म्हटलं, खेड्यातल्या बायका शांत असतात. ती पुन्हा मेथी निवडू लागली.

३१ जानेवारी, शुक्रवार

सुचिता आठवडाभर आली नाही. काल आइनो एकटीच पडद्यावर बसून होती. आज पाइवीबाईंचा निरोप आला: आइनोची विनंती आहे, की सुचिताचा पहिला आवाज आहे तसाच राहू द्यावा. आपण सवडीनं बोलू या का, असंही विचारलं आहे.

या लोकांना शांततेचं भलतंच वेड. मी लिहून टाकलं, की आमच्याकडे हाकेला ओ मिळणं हा संस्कार आहे, आणि तो दाखवणं हाच तर या अभ्यासाचा हेतू. उत्तर लिहिताना जरा अभिमानच वाटला.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुचितानं नवा आवाज पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

आता कसं नीट झालं आहे. आईची हाक, "गोपाऽल! जेवाले ये रे!" आणि लगेच अंगणातून पोरगेली, खणखणीत "ओऽ!" पुढे मात्र काहीतरी गोंधळ आहे. पितळी जमिनीवर आदळते, कुणी धावतं, कडी वाजते, आणि आईचा आवाज लांबून, "कुठी हायेस? कुठी हायेस रे?" मग तुटतं. बहुधा पोरगा लपून बसला असेल, वात्रट.

मागचा गोंधळ मी कापून टाकला. हाक आणि ओ एवढंच ठेवलं. सुचिताला 'शाबास' असं लिहून पाठवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवा आवाज भेटीत वाजवला. सुचिता आजही नव्हती. "ओ" ऐकल्याबरोबर आइनोनं तोंडावर हात ठेवला आणि तिचा चौकोन काळा झाला. नेट गेलं असेल. आमच्या वर्गात टाळ्या झाल्या, पण जानेफळकडच्या दोन पोरी एकमेकींकडे पाहत होत्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सुचिताचे वडील कॉलेजात आले. पुंजाजी. उंच माणूस, धुतलेला पांढरा सदरा, टोपी हातात. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाले, "सर, मंगळवारी माह्या घरी 'ओ' कोनं देल्ली ते मले ठाऊक हाये. सागरनं. माह्या भावाचं पोट्टं. त्याले सुचितानं सांगतलं होतं. मले इतकंच सांगा, सुचिताले कोनं सांगतलं?"

मी म्हणालो, "मी."

"गोपाल जाऊन वर्ष होऊन गेलं, सर. आपल्याच शेततळ्यात. पाय घसरला, अन् काठावरच्या त्या प्लास्टिकवर चढता आलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या मायनं अशीच हाक मारली होती. म्या म्हनलं, मोबाइलवर असंन. येईल."

तेच शब्द मी वर्गात माइकवर म्हटले होते.

"तवापासून ते रोज हाक मारते. म्या किती डाव म्हनलं, नको मारू, त्याचं नाव काढू नको माह्यासमोर. आयकत नाही. अन् मंगळवारी तिले 'ओ' आली." ते थांबले. "भाकर टाकून धावली. अंगणात पाह्यलं, गोठ्यात पाह्यलं, कडब्याच्या गंजीमागं पाह्यलं. सागर भेवून लपला होता. तो भेटला तवा त्याच्या तोंडाकडं पाहत राह्यली. तवापासून हाक बंद हाये. बोलनंई बंद. म्या सांगून सांगून थकलो होतो, आता बंद झाली त घर खायले उठते, सर."

जाताना एवढंच म्हणाले, "सुचिता आता येनार नाही कॉलेजात. तो आवाज मोडून टाका."

जी धावपळ ऐकू आली होती, ती मी कापली. मी, या हातानं. 'शाबास' लिहिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरी राहिलो. शैलजाला सगळं सांगितलं. "मी म्हटलं होतं ना," असं ती म्हणाली नाही. तिनं म्हटलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो.

पाइवीबाईंना लिहिलं. त्यांचं लांबलचक उत्तर आलं. सुचितानं आइनोला पहिल्या प्रश्नानंतर त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नकोस अशी शपथ घातली होती. आइनोनं पाइवीबाईंना फक्त 'आवाज बदलू नका' एवढंच सांगितलं. समुद्रापलीकडच्या मुलीला जे एका प्रश्नात कळलं, ते मला वर्गात समोर बसलेल्या मुलीबद्दल कळलं नव्हतं. मी तो प्रश्न माइक घेऊन बुजवला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

जानेफळला गेलो. शैलजा बरोबर आली. एकट्यानं जायची माझी छाती नव्हती.

पक्कं घर, ओसरीवर तुरीची पोती, अंगणात ओल्या हरभऱ्याचे डहाळे पडलेले. सुचिताची आई, गीताबाई, जमिनीवर बसून घाटे सोलत होत्या. मी हात जोडले, म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. मुलीला रागावू नका." त्यांनी मान हलवली, डोळे वर केले नाहीत. मला पुढे बोलायचं होतं. शैलजानं माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसलो.

ती त्यांच्या शेजारी बसली, तीही घाटे सोलू लागली. किती वेळ गेला कोण जाणे. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "गोपालला काय आवडायचं हो खायला?"

ओसरीवरचे पुंजाजी उठून बाहेर निघून गेले. त्या घरात वर्षभर ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

गीताबाईंचे हात थांबले. "हेच," त्या म्हणाल्या. "ओला हरभरा. सोलू देत नव्हता बाई. वाटीतला वाटीतच खाऊन टाके." आणि मग बोलत राहिल्या. रडल्या, पुन्हा बोलल्या. शैलजाही रडत होती.

मी बाहेर पुंजाजींजवळ गेलो. ते शेताच्या वाटेकडे तोंड करून उभे होते. शेततळ्याला आता तारेचं कुंपण आहे. म्हणाले, "कुंपन मंग घातलं. गेल्यावर."

निघताना सुचिता फाटकापर्यंत आली. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

"तुमी इचारलंच नाही, सर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आइनोनं इचारलं, अन् मंग गप बसली. म्हनून सांगता आलं." थोड्या वेळानं म्हणाली, "मले तो आवाज ठेवाचा होता सर. माय रोज हाक मारते, अन् घरात सारे बहिरे झाल्यावानी करतात. मले वाटलं, कोनीतरी आयकावं."

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्राचार्य म्हणतात, ती जोडी वगळा, अहवालात नको ते यायला नको. मी म्हटलं, ठरवणारे आपण नाही. त्यांना आवडलं नाही.

पुंजाजींना फोन केला. या वेळी फक्त विचारलं. नवा आवाज मोडून टाकला आहे. पहिला तुमच्या घरचा आहे, ठेवू की मोडू? बराच वेळ ते बोलले नाहीत. मी फोन कानाला लावून थांबलो. माझ्यासारख्या माणसाला ते अवघड गेलं.

"तिले इचारतो," म्हणाले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुचिताचा फोन. हाक बंद झाल्यापासून आई घरात पहिल्यांदा काही म्हणाली आहे: "वाजवा. पन माह्यासमोर वाजवा."

सुचिता सोमवारपासून वर्गात येणार. वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एसटीचा पास मात्र त्यांनीच काढून आणला.

६ मार्च, गुरुवार

आज शेवटची भेट.

गीताबाई आणि पुंजाजी दोघं आले. पुंजाजी दाराजवळच्या खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर. गीताबाई पुढच्या बाकावर सुचिताशेजारी. पडद्यावर आइनोनं त्यांना पाहून मान लववली. गीताबाईंनी पदर सावरला आणि हात जोडले. मला म्हणाल्या, "हीच का ते पोरगी? लईच लहान हाये हो."

कुलदीपचं झालं, वंदनाचं झालं. मग सुचिता उभी राहिली. इंग्रजीत म्हणाली, "ही माझी आई माझ्या भावाला हाक मारते आहे. भाऊ नाही. यात आम्ही काही घातलेलं नाही." एवढंच बोलून बसली.

तव्यावर भाकरी पडली. "गोपाऽल! जेवाले ये रे!" तोच मोकळा आवाज. "गोपाऽल!"

आणि मग शांतता. आइनोनं ती तशीच ठेवली होती, उलट पुढे लांबवली होती. पडद्यावरची पोरं डोळे मिटून बसली होती. आमची पोरं, जी एरवी क्षणभर गप्प बसत नाहीत, तीही बसली. माझा हात सवयीनं माइककडे गेला. मी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. फार लांबून तळ्याचा बर्फ तडकल्याचा आवाज आला, पुन्हा नाहीसा झाला.

तेव्हा दाराकडून आवाज आला. "ओ."

जाड, घोगरा, पोराचा नव्हे. पुंजाजी उभे राहिले होते. टोपी खाली पडली होती, ती त्यांना दिसत नव्हती. पुन्हा म्हणाले, "ओ. आयकलं वो म्या. रोजच आयकत होतो."

गीताबाई वळल्या. नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "मंग इतके दिवस काऊन नाही देल्ली?" त्यांनी विचारलं.

पुंजाजी बाकांमधून वाट काढत आले आणि त्यांच्याशेजारी बसले. सुचितानं सरकून जागा करून दिली. पडद्यावर कुणी काही विचारलं नाही, पाइवीबाई डोळे पुसत होत्या. टाळ्या झाल्या नाहीत. मी निरोपाचं भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं.

घरी आल्यावर रेडिओ लावला नाही. शैलजानं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी तासाच्या आधी सुचिता टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, काल संध्याकाळी मायनं हाक मारली."

मी म्हटलं, "पुन्हा गोपालला?"

"नाही," ती म्हणाली. "मले. 'सुचिता, जेवाले ये वो.' मी शेजारीच बसली होती सर, तिच्याजवळ. वर्षभरात पहिल्या खेपेला."

"मग तू काय केलंस?"

"ओ देल्ली," ती म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली. घंटा झाली होती. मी हजेरी घेतली.